परक्या न्यायासनापुढें

एखादा मनुष्य दुसऱ्या देशाच्या हवालीं करावा कीं नाहीं, हा वाद निघाला म्हणजे राष्ट्रांच्या अब्रूची चर्चा फार होते. ज्याचा देह हवालीं व्हावयाचा तो मात्र बाजूलाच राहतो. मार्सेलिसचें प्रकरण आठवावें.

सन १९१० च्या मार्चमध्यें सावरकरांस लंडनला पकडलें. खटला इंग्लंडांत चालता तर ज्यूरी मिळती, अपीलही करतां येतें. परंतु फरारी गुन्हेगारांच्या १८८१ च्या कायद्यानें त्यांस मुंबईस धाडण्याचें ठरलें; आणि तेथें तीन न्यायाधीशांचें खास न्यायासन, ज्यूरी नाहीं, अपील नाहीं! ८ जुलै रोजीं मार्सेलिस बंदरांत त्यांनीं बोटीवरून उडी घेऊन किनारा गांठला. पण फ्रेंच शिपायानें त्यांस धरून पुन्हां इंग्रजांच्या स्वाधीन केलें. फ्रान्सनें तक्रार केली व वाद हेगच्या लवादापुढें गेला. २४ फेब्रुवारी १९११ रोजीं पंचांनीं सांगितलें कीं, पकडण्यांत अनियमितपणा झाला खरा, पण कैदी परत करण्यास इंग्लंड बांधलेलें नाहीं. तोंपर्यंत मुंबईस जन्मठेपेच्या दोन्ही शिक्षा सुनावून झाल्या होत्या. भूमी कोणाची, चूक कोणाची, याचा ऊहापोह झाला. कैदी त्या दाव्यांत पक्षकार नव्हताच.

आम्हां वऱ्हाडकरांना याचें नवल वाटूं नये. १९०२ सालीं वर्षाला २५ लक्ष रुपयांवर निजामानें आमचा प्रांत इंग्रजांस कायमच्या पट्ट्यानें दिला, तेव्हां अकोल्यांत कोणाला विचारलें होतें?

मग कोणालाच हवालीं करूं नये काय? तसें म्हणवत नाहीं. सरहद्द हेंच खुन्याचें कवच झालें, तर मेलेल्याच्या घरच्यांनीं दाद कोठें मागावी? प्रश्न पाठविण्याचा नाहीं; तेथें त्याचा न्याय कसा होईल, हा आहे. १९९३ च्या मुंबईच्या स्फोटांच्या खटल्यांतील अबू सालेम यास पोर्तुगालनें २००५ सालीं आपल्या हवालीं केलें, तें देहान्त शिक्षा होणार नाहीं व कैद २५ वर्षांपलीकडे जाणार नाहीं, या भारत सरकारच्या वचनावर. परक्यानें आपल्या न्यायाला अट घालावी, हें पुष्कळांना झोंबतें. मला तसें वाटत नाहीं. हीं दोन नांवें एका लेखांत आलेलीं वाचकांना खटकतील, मलाही लिहितांना खटकलीं. पण हेगला जो प्रश्न कोणीं विचारावयास हवा होता, तोच पोर्तुगालनें विचारला. २०२२ सालीं आपल्याच सर्वोच्च न्यायालयानें तें वचन सरकारवर बंधनकारक ठरविलें.