मुलांच्या गोष्टीतला वर्णद्वेष

किशोरांसाठीच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत वर्णद्वेष किती उघडपणे दाखवावा, हा अमेरिकेतला जुना वाद आहे. मार्क ट्वेन यांच्या ‘हकलबरी फिन’मध्ये काळ्या माणसांसाठीचा एक हीन शब्द दोनशेहून अधिक वेळा येतो. २०११ साली निघालेल्या एका आवृत्तीत त्याच्या जागी ‘गुलाम’ हा शब्द घालण्यात आला. हेतू चांगला असेल. परंतु गुलामी ही अवस्था आहे, आणि तो शब्द म्हणजे तिरस्कार. गुलाम मुक्त होतो, तिरस्कार मुक्त झालेल्याचाही पिच्छा सोडत नाही.

मिल्ड्रेड टेलर यांच्या ‘रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय’ (१९७६) या कादंबरीने दुसरा मार्ग धरला. काळ १९३३चा, प्रदेश मिसिसिपीचा. कपड्यांना धूळ लागू नये म्हणून जपून चालणारा सहा वर्षांचा मुलगा शाळेत जातो आणि त्याच्या हाती मळके, जीर्ण पुस्तक पडते. आतल्या तक्त्यात आधीच्या विद्यार्थ्यांचा वर्ण ‘गोरा’. पुस्तक अगदी खराब झाल्यावरच्या नोंदीपुढे त्याच्या समाजासाठीचा हिणकस शब्द. तो पुस्तक पायाखाली तुडवतो. त्याला फटके देणारी शिक्षिका त्याच्याच वर्णाची आहे! त्याची आईही तेथेच शिकवते. ती त्या तक्त्यावर कागद चिकटवते. झाकणे हेही, पण मुलाने वाचल्यानंतरचे. जे आहे ते जाणूनही न स्वीकारण्याचे.

आपल्या घरांत हजरत बिलाल (रजि.) यांची कथा सांगितली जाते, ती बहुधा उमय्याचा छळ आणि नंतरची अजान एवढीच. द्वेष करणारा नेहमी शत्रूच असतो, असे मूल त्यातून शिकते. आणि तेच मूल पुढे लग्नाच्या बोलणीत मुलीचा रंग विचारते.

सहीह बुखारीत मात्र आणखी एक प्रसंग आहे. हजरत अबू जर (रजि.) यांनी एका माणसाला त्याच्या आईवरून हिणवले, तो माणूस म्हणजे हजरत बिलालच, असे अनेक भाष्यकार सांगतात. तुझ्यात अजून अज्ञानकाळ शिल्लक आहे, अशा आशयाच्या शब्दांत प्रेषितांनी (स.) त्यांची कानउघाडणी केली. मुहद्दिसांनी हे झाकले नाही. विशेष म्हणजे हा प्रसंग सांगणारे स्वतः अबू जरच आहेत. रबजा येथे त्यांच्या अंगावर आणि त्यांच्या गुलामाच्या अंगावर एकसारखे वस्त्र पाहून कोणीतरी कारण विचारले, तेव्हा उत्तरादाखल त्यांनी तो सांगितला.