वयात येणे आणि जाणते होणे

आमच्या डोणगावात एखादी मुलगी 'मोठी झाली' ही बातमी बायकांच्या कुजबुजीतून घरोघरी जाते. त्यात कौतुक असते, काळजीही असते. पण ती मुलगी दुसरीत शिकणारी असेल तर?

काही वर्षांपूर्वी आमच्या मोहल्ल्यातील एका घरात असेच घडले. सात वर्षांच्या मुलीच्या शरीरात होणारे बदल आईच्या लक्षात आले. तिने घाबरत सासूला सांगितले. दुसऱ्याच दिवशी मुलीच्या डोक्यावर ओढणी आली आणि गल्लीतले खेळणे बंद झाले. शाळेतून काढावे का, अशीही चर्चा सुरू झाली. ती पोर मला म्हणाली, "चाचा, मैंने क्या किया?" मला काहीच बोलता आले नाही.

मुलींमध्ये ८ आणि मुलांमध्ये ९ वर्षांच्या आत तारुण्याची लक्षणे दिसू लागली तर वैद्यकशास्त्र त्याला अकाली तारुण्य म्हणते. बहुतेक वेळा मेंदूकडून मिळणारा इशारा वेळेआधी सुटतो. मुलींमध्ये त्याचे कारण बहुधा सापडत नाही. मुलांमध्ये मात्र मेंदूत गाठ असण्यासारखी कारणे अधिक आढळतात, म्हणून तपासणी टाळू नये. अशी मुले आधी भराभर वाढतात. पण त्यांच्या हाडांची वाढ लवकर थांबते आणि पुढे उंची खुंटते. डाव्या हाताचा एक्स-रे काढून डॉक्टर हाडांचे वय पाहतात. गरज असेल तर महिन्याला किंवा तीन महिन्यांनी इंजेक्शन देतात. इंजेक्शने थांबवली की तारुण्य पुन्हा आपल्या वाटेने येते. प्रत्येक मुलाला ती लागतातच असे नाही.

"अल्लाहच्या कारभारात ढवळाढवळ कशाला?" असे कोणी विचारतो. ताप आला की आपण गोळी घेतोच ना? आजार त्याचा, तसा इलाजही त्याचाच.

खरा पेच वेगळा आहे. शरियतमध्ये माणूस बालिग झाला की त्याच्यावर नमाज-रोजा फर्ज होतो. बालिग होणे शरीराच्या खुणांवरून ठरते. मग आठ वर्षांच्या पोरीच्या शरीराने घाई केली, तर ती जबाबदार स्त्री झाली का? आपल्या जुन्या फकीहांनी यावर विचार केलेला दिसतो. हनफी मतानुसार मुलगी ९ आणि मुलगा १२ वर्षांच्या आत बालिग मानला जात नाही. ही वर्षे चांद्र आहेत. म्हणजे मुलीची मर्यादा आपल्या हिशेबाने सुमारे ८ वर्षे ९ महिने. शरीर काहीही सांगो, त्याआधी ती मूलच.

आणि त्यानंतर? सूरह निसाच्या सहाव्या आयतीत यतीम मुलांच्या मालमत्तेविषयी आदेश आहे. मुले लग्नाच्या वयाला पोचली एवढ्यावर माल त्यांच्या हवाली करायचा नाही. त्यांच्यात समज, म्हणजे रुश्द, आली आहे का, हे पारखायचे. इमाम अबू हनीफांनी तर समज नसलेल्या तरुणाची मालमत्ता २५ वर्षांपर्यंत रोखून धरायला मान्यता दिली. शरीर वयात येणे वेगळे आणि माणूस जाणता होणे वेगळे, हा भेद आपल्या परंपरेतच आहे. मग तो मालमत्तेपुरताच का? शेताचा सातबारा हवाली करताना आपण समज पाहतो आणि मुलीचा हात दुसऱ्याच्या हाती देताना फक्त शरीर पाहतो, हा कुठला न्याय?

हा पेच एकट्या मुसलमानांचा नाही. १८९१ साली संमतिवय १० वरून १२ करणारा कायदा आला तेव्हा पुण्यात वादळ उठले. परक्या सरकारने धर्मात हात घालू नये म्हणून लोकमान्य टिळक विरोधात उभे राहिले, डॉ. रा. गो. भांडारकरांनी धर्मशास्त्राचाच आधार घेऊन कायद्याची बाजू मांडली. आज २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा मुलीसाठी १८ वर्षे सांगतो, तर मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात पंधराव्या वर्षी मुलगी बालिग धरली जाते. न्यायालयांचे निकालही एकमुखी नाहीत. पण निकालाची वाट न पाहता आपल्या घरापुरता निर्णय आपण घेऊ शकतो.

त्या मुलीला तिच्या अब्बांनी शहरातील बालरोगतज्ज्ञाकडे नेले. मशिदीतल्या एका बुजुर्गांनी नऊ वर्षांचा मसला दादीला समजावला. ओढणी खुंटीवर गेली, शाळा सुरू राहिली. शरीर पुढे धावत असताना तिचे बालपण तिच्या हाती राहू देणे, एवढेच घरच्यांना करायचे होते. तेच सर्वात अवघड होते.

तिच्या प्रश्नाचे उत्तर मला उशिरा सुचले. "बेटी, तूने कुछ नहीं किया. जल्दी हम कर रहे थे."