आरोपी मुलगा आणि त्याचे घर

एखाद्या कोवळ्या मुलास पोलिसांनी धरून नेले, आणि तो अपराध त्याच्या हातून घडलाच नाही अशी घरच्यांची मनापासून खात्री असली, तर त्या घराने काय करावे? अधिकारी देवाने नेमिलेले आहेत म्हणून मुकाट्याने सोसावे, की त्याच्यासाठी न्यायासनापुढे झगडावे? वऱ्हाडातील आमच्या कित्येक मंडळ्यांत ह्याचे उत्तर आधीच ठरलेले असते. प्रार्थना करा, कोर्टकचेरीच्या भानगडीत पडू नका, असे वडीलधारे सांगतात; आणि त्या घराकडील जाणेयेणेही हळूहळू कमी करितात. हे उत्तर आम्हांस अपुरे वाटते.

ह्या महाराष्ट्रात घडलेली एक गोष्ट वाचकांनी ध्यानात घ्यावी. 2003 सालच्या जून महिन्यात नाशिकजवळ शेतातील एका झोपडीवर रात्री दरोडा पडला. पाच माणसे मारली गेली, बायकामुलींवर अत्याचार झाले. पोलिसांनी भटक्या जमातीच्या सहा गरीब मजुरांस पकडले. त्यांत एक अठरा वर्षांच्या आतला होता. (मुलाचे नाव छापण्यास कायद्याची मनाई आहे, आणि ती योग्यच आहे.) 2006 साली सत्र न्यायालयाने सहाही जणांस फाशी सांगितली. 2007 साली उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवून तिघांस जन्मठेप दिली. 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांस फाशीच ठरविली. त्यांतील एकजण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे ठरावयास 2012 साल उजाडले. तोवर तीन न्यायालये त्याच्या प्रकरणावरून गेली होती.

पुढे सर्वोच्च न्यायालयाने आपलाच निकाल मागे घेऊन प्रकरण पुन्हा ऐकले, आणि 5 मार्च 2019 रोजी सहाही जणांस निर्दोष सोडिले. वाचलेल्या साक्षीदार बाईने अगदी आरंभीच पोलिसांकडील छायाचित्रांतून दुसरीच चार माणसे ओळखून दाखविली होती; त्यांच्यावर खटलाच झाला नाही. आरोपी अतिशय गरीब व भटक्या जमातीचे असल्यामुळे त्यांस खोटे गोवले गेल्याचा संभव नाकारता येत नाही, असे न्यायाधीशांनी लिहून ठेविले. प्रत्येकी 5 लाख रुपये भरपाई देण्याचा, त्या चौघांविषयी पुढे तपास करण्याचा, व चुकलेल्या अधिकाऱ्यांची चौकशी करण्याचाही हुकूम झाला.

आता विचार करा. त्या सहाजणांच्या घरच्यांनी आपला माणूस निर्दोष आहे असे म्हटले असेल, तेव्हा शेजाऱ्यांनी काय उत्तर दिले असेल? हेच, की घरचे असेच म्हणणार. आणि हे बोलणे अगदीच खोटेही नाही. आईच्या खात्रीवर न्यायाधीशाने मुलास सोडून द्यावे असे कोणी म्हणणार नाही; कारण मारल्या गेलेल्या माणसालाही आई असते. एली याजकास आपल्या मुलांची दुष्कर्मे ठाऊक होती, तरी त्याने त्यांस आवरले नाही. असल्या मायेला शास्त्राने कोठेही मान दिलेला नाही. परंतु शास्त्रात दुसरेही आईबाप आहेत, आणि त्यांजविषयी आम्ही देवळात फारच थोडे बोलतो. योहानाच्या नवव्या अध्यायातील जन्मांध मुलगा डोळस झाला, तेव्हा पुढाऱ्यांनी त्याच्या आईबापांस बोलावून विचारिले. आपला मुलगा कोण, तो कसा जन्मला, हे त्यांस पक्के ठाऊक होते. पण सभास्थानातून घालवून देतील ह्या भयाने त्यांनी हात झटकले, आणि तो वयात आलेला आहे, त्यालाच विचारा असे सांगून मोकळे झाले. त्यांनी खोटी साक्ष दिली असे म्हणता येणार नाही, तरी मुलगा एकटा पडला. गावच्या भीतीने मुलाकडे पाठ फिरविणारे घर आणि त्या घराकडे पाठ फिरविणारी मंडळी ह्या आईबापांच्याच पंक्तीस बसतात.

म्हणून आमचे म्हणणे असे: घरच्यांची खात्री हा पुरावा नव्हे, पण पुरावा कसोटीस लावा, अशी मागणी करण्याचा तिला पुरेपूर अधिकार आहे. अशी मागणी करणे म्हणजे सरकाराविरुद्ध बंड नव्हे. दोन-तीन साक्षीदारांच्या तोंडून गोष्ट शाबीत व्हावी हा मोशेच्या नियमशास्त्राचाच दंडक आहे, आणि दोन खोट्या साक्षीदारांनी नाबोथाचा जीव घेतला हेही शास्त्रातच वाचावयास मिळते. पौलाने आपला रोमी नागरिकाचा हक्क सांगितला, कैसराकडे दाद मागितली. आणि त्याला मारण्याचा कट कळताच त्याच्या बहिणीचा मुलगा धावत गढीत गेला. त्या पोराला कोणी अविश्वासू म्हटल्याचे आम्हांस आढळत नाही.

शिवाय खोटा आरोपी शिक्षा भोगीत असता खरा अपराधी मोकळा राहतो. नाशिकच्या त्या प्रकरणात मेलेल्यांच्या घरास सोळा वर्षे न्याय मिळाला असे वाटत होते, आणि तो मिळालाच नव्हता. दोन्ही घरे नाडली गेली. आपल्या मुलासाठी प्रामाणिकपणे झगडणारी आई नकळत त्या दुसऱ्या घरासाठीही झगडत असते.

वऱ्हाडात हा संशय कोणाच्या दारी आधी जातो हे सांगावयास नको. गावात चोरी झाली की प्रथम पारध्यांच्या बेड्याकडे बोट दाखविले जाते. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरूनच माणूस गुन्हेगार ठरविला. तो कायदा 1952 साली रद्द झाला, पण लोकांच्या मनातून गेला नाही. आमच्या मिशनांचेही हात ह्यात अगदी कोरडे नाहीत. सोलापूरच्या तशा वसाहतीचा कारभार काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होता. तेव्हा बेड्यावरच्या पोराला धरले म्हणजे तो आपल्या मंडळीचा नव्हे, असे आम्ही तरी म्हणू नये.

मात्र बचाव सत्याचा असावा. मुलगा त्या रात्री घरी नव्हता तर घरी होता असे सांगू नये, साक्षीदार विकत घेऊ नये, आणि वय खोटे लिहवून आणू नये. वयाचा प्रश्न मोठा आहे. 1994 साली पुण्यात घडलेल्या खुनांच्या प्रकरणात राजस्थानच्या एकास फाशी झाली होती. त्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता, असे 2023 साली सर्वोच्च न्यायालयाने गावच्या शाळेच्या दाखल्यावरून ठरविले व त्याला सोडिले. तोवर 28 वर्षे तुरुंगात गेली होती. एका ओळीच्या नोंदीवर किती टांगलेले असते पाहा. आणि आमच्या खेड्यांत निम्म्या पोरांची जन्मतारीख 1 जून! गुरुजींनी अंदाजाने घातलेली. 2015 च्या बाल न्याय कायद्यात शाळेचा दाखला पहिला, मग ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसल्यास वैद्यकीय तपासणी, असा क्रम आहे. बाप्तिस्म्याच्या वहीचे नाव त्यात नाही. म्हणून उपदेशकांनी बाप्तिस्म्याची वाट न पाहता, मूल जन्मताच 21 दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत नोंद करविण्यास आईबापांस सांगावे, व तोच दाखला शाळेत घेऊन जावयास लावावे.

आणि प्रसंग आलाच तर: अठरा वर्षांखालील मुलास पोलीस कोठडीत वा तुरुंगात ठेविता येत नाही, 24 तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे नेले पाहिजे. मुलास सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क आहे; त्यासाठी अमरावती किंवा अकोला येथील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. तो अर्ज लिहून देणे आणि तारखेच्या दिवशी त्या आईबरोबर जाऊन बाकावर बसणे, एवढे काम उपदेशकास सहज करता येते.