मागे वळून न पाहणारा धर्म

चैत्री पौर्णिमेच्या रात्री बेंगळुरूची जुनी पेठ झोपत नाही. मध्यरात्रीनंतर नगरथपेठेच्या बाजूच्या धर्मराय स्वामींच्या देवळातून करग बाहेर पडतो. करग म्हणजे कलश. मोगऱ्याच्या फुलांनी मढवलेला तो उंच डोलारा हाताचा आधार न घेता मस्तकावर तोलणारा पुरुष त्या रात्री पुरुष राहत नाही. लुगडे नेसून, बांगड्या भरून, पत्नीचे मंगळसूत्र गळ्यात घालून तो द्रौपदी झालेला असतो. भोवती नंग्या तलवारी घेतलेले वीरकुमार चालतात. कलश ढळला तर त्याच तलवारी त्याच्यावर चालतील, असा परंपरेचा दंडक सांगतात. मळे आणि फुलबागा पिकविणे हा ज्यांचा पिढीजात व्यवसाय, त्या तिगळ समाजाचा हा उत्सव. तरीही कॉटनपेठेतील हजरत तवक्कल मस्तान यांच्या दर्ग्यात थांबल्यावाचून मिरवणूक पुढे जात नाही.

बदलीच्या निमित्ताने या शहरात आलेल्या मला प्रथम नवल वाटले ते एका गोष्टीचे. देऊळ धर्मराजाच्या नावाचे, आणि उत्सव मात्र द्रौपदीचा! या कोड्याचे उत्तर देवळाच्या कथेत मिळते, आणि त्या उत्तरातूनच एक अवघड नैतिक प्रश्न उभा राहतो.

महाप्रस्थानाची महाभारतातील हकीकत वाचकांस ठाऊक आहेच. पांडव स्वर्गाच्या वाटेवर निघाले असता प्रथम पडली ती द्रौपदी. ही का पडली, असे भीमाने विचारले. तिचा अर्जुनावर अधिक ओढा होता, असे उत्तर देऊन धर्मराज तिच्याकडे न पाहता पुढे चालू लागला. पुढे स्वर्गद्वारी सोबतच्या कुत्र्याला सोडण्यास त्याने नकार दिला. भावांना आणि द्रौपदीला सोडलेस, मग हा कुत्रा का सुटत नाही, असे इंद्राने विचारले, तेव्हा त्याने केलेला बचाव तर्काला धरून आहे: ती मृत झाली होती, मृतांना उठविणे माझ्या हाती नव्हते, जिवंतपणी मी त्यांना टाकले नाही.

तिगळांची कथा नेमकी येथे बोट ठेवते. ती म्हणते, द्रौपदी मेली नव्हती. ती केवळ मूर्च्छित पडली होती. डोळे उघडले तेव्हा पती पुढे निघून गेले होते आणि समोर तिमिरासुर उभा होता. तिने आदिशक्तीचे रूप धारण केले, आपल्या अंगापासून वीरकुमारांचे सैन्य निर्माण केले आणि असुराला मारले. ती निघाली तेव्हा त्या लेकरांनी तिला अडविले. वर्षातून एकदा येईन, असे वचन तिने दिले. ते वचन म्हणजे करग.

या कथेत धर्मराजाला एकही कठोर शब्द नाही. उलट देवळावर नाव त्याचेच आहे. परंतु त्याचा सारा बचाव ज्या एका गृहीतावर उभा होता, तेच तिने काढून घेतले आहे. इरावती कर्वे यांनीही 'युगान्त'मध्ये पडलेल्या द्रौपदीला लगेच मरू दिले नाही. तेथे भीम तिच्याजवळ येतो. विदुषीला आणि माळ्याला, दोघांनाही ती वाट तशीच सोडून पुढे जाववले नाही, हे मला अर्थपूर्ण वाटते.

धर्मराजाच्या बाजूनेही बोलले पाहिजे. आप्त नरकात आहेत असे दिसताच त्याने स्वर्ग नाकारून त्यांच्याजवळ राहणे पत्करले. म्हणजे त्याच्या ठायी ममता नव्हती असे नाही. त्याने केले नाही ते एवढेच, की थांबून, वाकून, श्वास चालू आहे की नाही हे पाहिले नाही. अन्याय क्रौर्यातूनच होतो असे आपण समजतो. माझ्या मते त्याहून पुष्कळ अन्याय अशा न केलेल्या चौकशीतून होतो.

हे मी अधिकाराने लिहितो, कारण माझ्या हातून ते घडले आहे. निवृत्तिवेतनाचे काम माझ्याकडे असताना एका वृद्ध विधवेचा नोव्हेंबरातला हयातीचा दाखला आला नाही. नियमाप्रमाणे मी शेरा मारला आणि तिचे वेतन थांबले. त्या शेऱ्यात कसलीही चूक नव्हती. चार महिन्यांनी ती पुतण्याच्या खांद्याचा आधार घेऊन माझ्या टेबलापाशी आली. मांडीचे हाड मोडून ती अंथरुणाला खिळली होती. ती रागावली नाही. कन्नडमध्ये एवढेच म्हणाली, "मी आहे, तेवढे लिहून घ्या." तिच्या कागदावर दूरध्वनीचा क्रमांक होता. तो फिरविण्यास मला नियमाने मनाई केलेली नव्हती.

कोणी म्हणेल, टाकलेल्या स्त्रीला देवी करून आपण आपलीच सुटका करून घेतो. आपल्या माहूरच्या रेणुकेचीही कथा अशीच आहे. पित्याच्या आज्ञेवरून पुत्राने मारलेली माता पुढे पूजिली गेली. हा आक्षेप मी खोटा म्हणणार नाही. पूजा ही पुष्कळदा स्वस्त भरपाई असते. पण करगात केवळ नमस्काराने भागत नाही. तेथे एका पुरुषाला तिचा वेष घ्यावा लागतो, तिचे ओझे रात्रभर वाहावे लागते आणि तेही तलवारींच्या मध्ये. जिला मागे सोडले तिच्या जागी स्वतः उभे राहणे, हा या व्रताचा अर्थ मला दिसतो.

नियम सोडून माझा व्यवसाय चालणार नाही, आणि सोडावा असेही मी म्हणत नाही. धर्मराजालाही पुढे जायचेच होते. परंतु आता शेरा लिहिण्यापूर्वी मी एकदा दूरध्वनी करतो. पुष्कळदा कोणी उचलत नाही. कधी पलीकडून एखादा थकलेला आवाज येतो, आणि मी लेखणी बाजूला ठेवतो.