अमीरनची विचारपूस कोण करणार?

नीटनेटका पेहराव, गोड बोलणे, अदबीने उठणे-बसणे याला आपण तहजीब म्हणतो. उर्दू माध्यमाच्या शाळांत शिकवणारे आम्ही शिक्षक मुलांना पहिल्या इयत्तेपासून तेच शिकवतो. पण कधी कधी ही तहजीब आतले दुःख झाकण्याच्या कामी येते. अशा वेळी दुःख झाकून हसणाऱ्या माणसाला खोटा म्हणायचे काय? आणि त्याचे हसू पाहून निर्धास्त होणाऱ्या आपल्याला काय म्हणायचे?

हा विचार करताना मिर्झा हादी रुसवा यांची 'उमराव जान अदा' आठवते. ही उर्दू कादंबरी १८९९ साली प्रसिद्ध झाली. १९८१ साली मुजफ्फर अली यांनी तिच्यावर चित्रपट काढला आणि आशा भोसले यांच्या आवाजातून उमराव मराठी घरांतही पोचली. पण आपल्या डोळ्यांपुढे राहिली ती रेखाची, दागिन्यांनी मढलेली उमराव. कादंबरीतली अमीरन मागेच राहून गेली.

अमीरन ही फैजाबादच्या साध्या घरातली लेक. वडील बहू बेगमच्या मकबऱ्यावर जमादार. त्यांनी दिलावर खान नावाच्या गुंडाविरुद्ध साक्ष दिली, त्याचा सूड म्हणून त्याने लहानग्या अमीरनला पळवले आणि लखनौला खानमच्या कोठ्यावर विकले. तिथे तिचे नाव उमराव झाले. मौलवीसाहेबांनी तिला फारसी शिकवली, उस्तादांनी गाणे शिकवले. पुढे ती स्वतः शेर रचू लागली आणि 'अदा' हे तखल्लुस तिने घेतले. एका मुलीवर अशी नावांवर नावे चढत गेली.

इथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. उमरावचे इल्म नकली नव्हते, तिची शायरीही नकली नव्हती. नवाब आणि रईस तिच्या शेरांना दाद देत होते, ती दादही खरी होती. पण बेटी, तू कोणाची, कुठली, इथे कशी आलीस, हे विचारावे असे त्या मेहफिलीत कोणाला वाटले नाही. दाद मिळाली, विचारपूस झाली नाही.

अमीरनबरोबर एकाच खोलीत डांबलेली रामदेई नावाची दुसरी मुलगी होती. तीही विकली गेली, पण तिच्या नशिबी कोठा आला नाही. ती पुढे बेगम झाली. कानपुरात दोघींची गाठ पडते तेव्हा एक घरंदाज आहे आणि दुसरी बाजारू. फरक फक्त विकत घेणाऱ्यात होता. मग एकीला इज्जत आणि दुसरीला बदनामी, हा इन्साफ कसला?

१८५७ च्या धामधुमीनंतर उमराव फैजाबादला जाते. जन्मघराजवळच तिला मुजऱ्याचे बोलावणे येते. आई तिला ओळखते, गळ्याशी धरून रडते. त्यानंतर भाऊ येतो तो तिला मारायला. त्याचा हात चालत नाही, पण इथून निघून जा, असे तो बजावतो. मेहफिलीला तिचे दुःख नको होते आणि घराला तीच नको होती. आता सांगा, हसण्यावाचून तिने काय करावे?

म्हणून तिच्या हसण्याला आम्ही रिया म्हणणार नाही. रिया करणारा लोकांकडून वाहवा मिळावी म्हणून देखावा करतो. दुःख झाकणारा बहुधा ते ठेवायला जागा नसते म्हणून झाकतो.

कोणी म्हणेल, इस्लामने पर्दापोशी शिकवली आहे, दुसऱ्याच्या घरात कशाला डोकवा? हे खरे आहे. चारचौघांत कोणाची जखम उघडी करणे हा जुलूमच. पण पर्दापोशी म्हणजे कळलेले चव्हाट्यावर न आणणे. कळूनच न घेण्याची ती सबब नव्हे.

आपल्या घरांकडे पाहू. लग्न झालेली लेक ईदनंतर माहेरी येते. नवा जोडा, हातभर बांगड्या, बरोबर शीरखुर्म्याचा डबा. अम्मी विचारते, "कैसी है बेटा?" ती म्हणते, "अच्छी हूँ अम्मी, अल्लाह का शुक्र है." हेच उत्तर आपल्याला हवे असते. दुसरे उत्तर आले तर तिला ठेवून घ्यावे लागेल, सासरच्यांशी बोलावे लागेल, मोहल्ल्याला तोंड द्यावे लागेल. लेक अगोदर आपला चेहरा वाचते आणि मगच उत्तर देते. वर्गातही तसेच. दंगा करणाऱ्याकडे सर्वांचे लक्ष जाते. इस्त्रीचा गणवेश घालून गप्प बसणारी मुलगी 'शिस्तप्रिय' ठरते आणि विषय संपतो.

कादंबरीत मिर्झासाहेब वेगळे वागतात. शेरोशायरीची बैठक चाललेली असते आणि पलीकडच्या खिडकीतून कोणीतरी दाद देते. ती उमराव असते. आता तिने पेशा सोडला आहे, ती एकटी राहते. रुसवा स्वतः शिक्षक होते. कादंबरीत ते तिला सन्मानाने बोलते करतात, मधूनमधून प्रश्न विचारतात, ऐकतात. लिहून झाल्यावर तो मजकूर तिच्याच हाती देतात. वाचून तिला आधी राग येतो. यावा, तो तिचा हक्क होता. जिचे दुःख, तिची त्यावर मालकी.

चित्रपटात शेवटी उमरावपुढे आरसा राहतो. कादंबरीत तिच्यापुढे ऐकणारा माणूस आहे, हा फरक लहान नाही.

तेव्हा विचारपूस करायची तर उत्तर पेलण्याची तयारी ठेवूनच करावी. "शुक्र है" ऐकल्यावर थोडे थांबावे, एकांतात पुन्हा विचारावे, आणि तिने सांगितलेच तर "सबर कर" म्हणून तिला लगेच परत पाठवू नये. अमीरनच्या भावाने तिच्यावर हात चालवला नाही, पण तेवढ्याने तिचे भागले नाही. घराचा दरवाजा बंदच राहिला.