कुडी, जांभा आणि एक नॉब

गेल्या मे महिन्यात आजीची एक कुडी हरवली. राजापूर तालुक्यातल्या आमच्या आजोळी, खळ्यात. सकाळी आंबोशी वाळत घालताना दोन्ही कानांत होत्या, दुपारी जेवायला बसली तर डाव्या कानात काही नाही. सोन्यात बसवलेल्या मोत्यांची, तिच्या लग्नातली कुडी. मी वर्क फ्रॉम होमच्या नावाखाली तिथेच होतो. घरात इंजिनिअर नातू असला की जे होतं ते झालं : मी ऑनलाइन मेटल डिटेक्टर मागवला. पार्सल यायला पाच दिवस लागले. तोवर मामीने खळ्यात कुणाला केर काढू दिला नाही.

यंत्र सुरू केलं आणि ते बोंबलायलाच लागलं. पायरीपाशी वाजे, तुळशीपाशी वाजे, गडग्याच्या कडेने तर थांबेचना. पहिल्या तासात आम्ही अकरा ठिकाणी उकरलं आणि अकरा ठिकाणी तांबडी माती निघाली. शेजारचे काका बघायला आले होते, ते म्हणाले, “खजिना लागलेला दिसतोय.” मला लाज वाटली. यंत्रावर ‘सेन्सिटिव्हिटी’ लिहिलेला एक नॉब होता. तो मी हळूहळू डावीकडे फिरवत गेलो. एका जागी यंत्र गप्प झालं. सगळं खळं फिरून आलो, कुठेही आवाज नाही. मी मामाला सांगितलं, “कुडी इथे नाहीच. विहिरीच्या वाटेवर पडली असणार.”

माझा मामेभाऊ बारावीत आहे. तो आत गेला, आजीच्या उजव्या कानातली कुडी मागून आणली, खळ्यात ठेवली, वर बोटभर माती टाकली आणि म्हणाला, “दादा, आता फिरव.”

फिरवलं. आवाज आला नाही.

त्या रात्री मी बराच वेळ मोबाइलवर वाचत बसलो, आणि थोडं स्वतःबद्दलही कळलं. मेटल डिटेक्टर सरळ शोधत असं काही नसतो. त्याच्या कॉइलमधून बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं. तिथे धातू असेल तर त्यात छोटे प्रवाह फिरू लागतात, त्या प्रवाहांचं स्वतःचं क्षेत्र तयार होतं आणि यंत्र ते ऐकतं. पण उत्तर देणारा धातू एकटा नसतो. लोहयुक्त, चुंबकीय खनिजं असलेली मातीही उत्तर देते. आमच्याकडचा जांभा हा त्यातला नामांकित बडबड्या. त्यातले काही अतिसूक्ष्म कण तर किंचित उशिरा उत्तर देतात, आणि तो उशीर यंत्राला धातूसारखाच वाटतो. ‘लॅटराइट’ हे नाव फ्रान्सिस ब्यूकॅनन याने १८०७ मध्ये केरळातला असाच दगड पाहून दिलं. लॅटिनमध्ये ‘लॅटर’ म्हणजे वीट. चिरे कापून घरं बांधणाऱ्या कोकणी माणसाला हे नाव पटावं.

चांगल्या यंत्रांत दोन वेगळ्या सोयी असतात आणि मी त्यांना एकच समजत होतो. एक म्हणजे ग्राउंड बॅलन्स. धातू नाही अशी खात्रीची जागा शोधायची, तिथे कॉइल वरखाली करायची आणि त्या जमिनीचा स्वतःचा आवाज कसा आहे ते यंत्राला शिकवायचं. मग यंत्र तेवढाच आवाज वजा करतं. दुसरी म्हणजे सेन्सिटिव्हिटी. ती कमी केली की यंत्र सगळंच कमी ऐकतं, माती पण आणि कुडी पण. बाहेरून बघणाऱ्याला दोन्हींचा परिणाम सारखाच दिसतो : शांतता. माझ्या स्वस्त यंत्रात ग्राउंड बॅलन्स नव्हताच. त्यामुळे मी खळं समजून घेतलं नव्हतं, मी फक्त कानात बोळे घातले होते.

(एक किस्सा इथे सांगायलाच हवा. १८८१ च्या जुलैमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली. ती शरीरात कुठे आहे ते शोधायला अलेक्झांडर ग्रॅहम बेल आपलं नवं यंत्र घेऊन गेले. यंत्र चालत होतं, पण अध्यक्षांच्या गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या. शिवाय डॉक्टरांची खात्री होती की गोळी उजव्या बाजूला आहे, म्हणून शोध तिकडेच झाला. गोळी डावीकडे होती. सप्टेंबरमध्ये गारफील्ड गेले.)

माझ्या खळ्यात चूक झाली तर कुडी जाते. कंबोडियात पाय जातो. तिथे थायलंडच्या सीमेला लागून १९८० च्या दशकात सुरुंगांचा लांबच लांब पट्टा पेरला गेला, आणि देशात इतर ठिकाणीही सगळ्या बाजूंच्या सैन्यांनी पेरणी केली. १९७९ पासून तिथे सुमारे ६५ हजार माणसं सुरुंग आणि न फुटलेल्या दारूगोळ्यामुळे मेली किंवा जखमी झाली. आणि तिथल्या पुष्कळ जमिनीत आपलाच जांभा आहे. अंगकोरच्या देवळांचे पाये आणि भिंतींचे गाभे त्याच दगडाचे, वरून वाळूचा दगड. त्यात टाइप-७२ सारखे सुरुंग जवळजवळ पूर्ण प्लास्टिकचे. धातू म्हणजे आत एखादी बारीकशी पिन. ती ऐकायची तर यंत्र तीक्ष्ण ठेवावं लागतं. तीक्ष्ण ठेवलं तर जांभा ओरडतो, आणि जुन्या लढायांतले छर्रे, काडतुसांच्या पुंगळ्या, तारेचे तुकडे, खिळेही. एका खऱ्या सुरुंगामागे असे शेकडो खोटे आवाज येतात, आणि प्रत्येक आवाज खरा धरून, गुडघ्यावर बसून, टोचणीने तिरकं टोचत उकरावं लागतं. उन्हात, चेहऱ्यावर जाड काच आणि अंगावर जड संरक्षक जॅकेट घालून.

अशा माणसाने नॉब थोडा डावीकडे फिरवला तर त्याला दोष द्यायचा का? मला वाटलं होतं, तिथे नियम असेल : नॉब कायम पूर्ण उजवीकडे. तसा नाहीये. यंत्र जमिनीप्रमाणे लावतातच. नियम वेगळ्याच गोष्टीला धरून आहे. कामाला लागण्याआधी एक टेस्ट पीस, म्हणजे शोधायच्या सुरुंगात जेवढा धातू असतो तेवढाच तुकडा, ठरलेल्या खोलीवर धरून यंत्र तपासायचं. त्या मातीत, त्या सेटिंगवर तो तुकडा ऐकू आला तरच यंत्र वापरायचं. नाही आला, तर तिथे यंत्र बाद. मग तो सगळा थर हाताने काढतात, किंवा कुत्रे आणतात, किंवा ‘अपोपो’ या संस्थेने शिकवलेले मोठे आफ्रिकी उंदीर. उंदराला धातूशी देणंघेणं नसतं, तो स्फोटकाचा वास घेतो. मागावा नावाच्या अशाच एका उंदराला २०२० मध्ये शौर्याचं सुवर्णपदक मिळालं. थोडक्यात, सेटिंग बदलता येतं, पद्धत बदलता येते, पण टेस्ट पीस मातीच्या सोयीने मोठा करायचा नाही.

हे वाचताना मला झोप येईना, त्याचं कारण खळ्यातलं नव्हतं, ऑफिसातलं होतं.

मी ज्या टीममध्ये आहे ती छोट्या विक्रेत्यांच्या डिजिटल पेमेंटमधले घोटाळे पकडते. आमचं मॉडेल प्रत्येक खात्याला शून्य ते एकमधला एक आकडा देतं. आकडा रेषेच्या वर गेला की खातं थांबतं. ती रेषा म्हणजे आमचा नॉब. (मॉडेल किती चांगलं हे बघायला आम्ही जो आलेख काढतो, त्याच्या इंग्रजी नावात अजून ‘रिसीव्हर’ शब्द आहे. दुसऱ्या महायुद्धात रडारसमोर बसून हे विमान की पक्षी, असं ठरवणाऱ्यांचा हा वारसा.) शहरातल्या किराणा दुकानांवर ते झकास चालायचं. दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये कोकणातली खाती धडाधड थांबायला लागली. मी कोकणातल्याच आईचा मुलगा, तरी मला दोन दिवस कळलं नाही. दहा महिने झोपलेलं खातं अचानक जागं होतं, मुंबई-पुण्याच्या अनोळखी शंभर लोकांकडून सारख्याच रकमा येतात आणि दुसऱ्या दिवशी पैसे काढले जातात. चोरीचे पैसे फिरवायला वापरलेलं खातं हुबेहूब असंच दिसतं. आंबा विकणाऱ्याचंही. पेटीचा भाव ठरलेला आणि मजुरी रोख द्यायची.

एका बागायतदाराचा कॉल मला ऐकवला गेला. ते चिडले नव्हते. म्हणाले, “साहेब, तुमचं चौकशीचं काय ते सावकाश करा, पण आंबा थांबत नाही.”

वरून सांगण्यात आलं की आवाज कमी करा. मी त्या तालुक्यांतल्या खात्यांसाठी रेषा ०.७० वरून ०.९० वर नेली. एक ओळ बदलायची होती. अलर्ट थांबले, डॅशबोर्ड हिरवा झाला, ग्रुपवर टाळ्यांचे इमोजी आले. ऑगस्टमध्ये त्याच गटातल्या एका खात्यातून नागपूरच्या एका निवृत्त शिक्षकांचे चार लाख निघून गेले. त्यांना दोन दिवस व्हिडिओ कॉलवर बसवून ‘डिजिटल अरेस्ट’ केलं होतं. चौकशीची फाइल माझ्याकडे आली. त्या खात्याचा त्या दिवशीचा आकडा होता ०.८४.

ऑगस्टमध्ये कुठला आंबा?

जमीन समजून घेतली असती तर ते दिसलं असतं. एप्रिल-मेमध्ये ही खाती अशीच वागतात हे मॉडेलला शिकवता आलं असतं. तेवढा आवाज वजा झाला असता, बागायतदार सुटले असते आणि ऑगस्टमधला आवाज ऐकू आला असता. पण त्याला दोन आठवडे लागले असते, आणि नॉबला दोन मिनिटं लागली.

तरीही नॉब फिरवणं हेच पाप, असं मी म्हणणार नाही. कंबोडियात सफाई होईपर्यंत थांबणं ज्यांना परवडत नव्हतं, ते शेतकरी हातातल्या अवजारांनी स्वतःच सुरुंग काढायला लागले होते. अतिकाळजीचीही किंमत असते आणि तीही कुणीतरी भरतं. एप्रिलमध्ये ती बागायतदार भरत होते. माझा मित्र म्हणतो, मग हा शेवटी हिशोबच झाला : इकडच्या इतक्या चुका, तिकडच्या इतक्या, बेरीज कमीत कमी ठेवा. मला हे अर्धंच पटतं. बेरजेत चुकांची संख्या दिसते, त्या कुणाच्या अंगावर पडतात हे दिसत नाही. सुरुंग काढणारा जी जमीन तपासतो, त्याच जमिनीवर तो गुडघे टेकतो. मी पुण्यात एसीत बसून ज्या जमिनीवरचा आवाज बंद केला, तिच्यावर मला एक पाऊलही टाकायचं नव्हतं. अशा माणसाच्या हातात नॉब असेल तर निदान टेस्ट पीसची सक्ती हवी. आणि इथेच माझी खरी चूक आहे. पकडलेल्या जुन्या घोटाळ्यांची यादी आमच्याकडे होती. रेषा हलवल्यावर ती यादी नव्या रेषेवर चालवून बघायला अर्धा तास लागला असता. मला ते कुणी करू नको म्हटलं नव्हतं. डॅशबोर्ड हिरवा होता आणि मला तो तसाच हवा होता. माझ्या मामेभावाने दुसरी कुडी मातीत ठेवली, ते मी एकदाही केलं नाही.

पुण्याला परतल्यावर मी ती यादी चालवली. निकाल इथे लिहिता येणार नाही, पण तो वाचून मॅनेजर थोडा वेळ काही बोलले नाहीत. हंगामाप्रमाणे वागणारं मॉडेल आता पुढच्या तिमाहीच्या कामांत आहे. यादी चालवल्याशिवाय रेषा हलवायची नाही, एवढं मात्र लगेच मान्य झालं.

खळ्यात आम्ही यंत्र ठेवून दिलं. मामाने बांधकामाची वाळू चाळायची जाळी आणली, मामीने घमेली, आणि बोटभर थर खरवडून चाळायला लागलो. तीन दिवसांत सात खिळे, चार आण्याचं एक नाणं, कुणाच्या तरी खेळण्यातल्या गाडीचं चाक आणि तुळशीपासून हातभर अंतरावर कुडीची फिरकी मिळाली. फक्त फिरकी. आजीने ती धुतली, पुडीत बांधली आणि डब्यात ठेवली. कुडी अजून मिळालेली नाही. गडग्याकडची दोन हात जागा राहिली होती, तेवढ्यात पाऊस आला. मामा म्हणतो, दिवाळीला ये, मग बघू.