संवर्धक हवा की सांगकाम्या?

चिरंजीव,

तुमच्या संग्रहालयाची जाहिरात वाचली. 'वरिष्ठ संवर्धक, १ पद, ११ महिन्यांचा करार, मानधन चर्चेअंती. कोणत्याही शाखेचा पदवीधर. चित्रकलेची आवड असल्यास प्राधान्य.' खाली कामं दिली आहेत : वस्तूंची साफसफाई, दालनांची देखभाल, रंगकामावर देखरेख, मान्यवरांच्या भेटीच्या वेळी हजेरी. तळाशी कार्यवाह म्हणून तुझी सही. दुसऱ्या कुणी हे लिहिलं असतं तर अडाणीपणा म्हणून पान उलटलं असतं. तू माझ्या वर्गात बसून संग्रहालयशास्त्र शिकलास, संवर्धनाच्या पेपरात चांगले गुणही मिळवलेस. तुला ती सूट नाही. नीट ऐक.

तुला संवर्धक नकोच आहे. तुला शिकलेला मुकादम हवा आहे. सांगितलं की पुसणारा, चिकटवणारा, पाहुण्यांपुढे उभा राहणारा आणि वर मान न करणारा. नाव मात्र 'वरिष्ठ' द्यायचं, म्हणजे वार्षिक अहवालात बरं दिसतं.

"बाई, विश्वस्त पैसेच देत नाहीत," हे पालुपद माझ्यापुढे आळवू नकोस. दर्शनी पायऱ्यांना ग्रॅनाइट बसलं, सेल्फीसाठी कमान उभी राहिली, तेव्हा पैसे आभाळातून पडले का? जिथे फीत कापता येते तिथे तुमचा हात सैल सुटतो. यंदा वाळवी लागली नाही, या गोष्टीचं उद्घाटन करता येत नाही. म्हणून तो खर्च तुम्हाला अंगावर येतो.

आता तुझ्या कोठाराकडे वळू. मागच्या खेपेला आले तेव्हा ती जुनी पितळी विष्णुमूर्ती लख्ख चमकत होती. मंत्री येणार म्हणून चिंच लावून घासली, असं तुझ्या शिपायाने मला कौतुकाने सांगितलं. त्या बिचाऱ्याला मी काही बोलले नाही. घरचे देव तो असेच उजळतो. पण तुला ठाऊक होतं, की धातूवर वर्षानुवर्षं बसलेला तो गडद थर म्हणजे मळ नव्हे. तो खालच्या धातूला सांभाळत होता. दागिन्यांच्या खाचांत अडकलेलं गंध-कुंकू ही मूर्ती पूजेत होती याचा पुरावा होता. सगळं नळाखाली वाहून गेलं, वर डोळ्यांच्या रेघाही बोथट झाल्या. आता दे बघू परत आणून!

मोडी रुमालातलं ते पत्रही तूच मला काढून दाखवलंस. घडीवर फाटलं म्हणून कुणीतरी सेलोटेप मारली होती. प्लॅस्टिकची पट्टी कधीच गळून पडली. तिचा गोंद मात्र कागदात मुरून तपकिरी, चिकट पट्टा झाला आहे आणि त्याखालची दीड ओळ वाचता येत नाही. गव्हाच्या खळीने पातळ जपानी कागद लावला असता तर पत्र सांधलं गेलं असतं आणि पुढेमागे ओलाव्याने तो जोड सोडवताही आला असता. खर्चात फारसा फरक नाही. फरक माहितगार हाताचा आहे.

तुझ्या चित्रदालनात सकाळी दहाला एसी लागतो आणि साडेपाचला कुलूप घालताना बंद होतो. पाहुण्यांना गार वाटतं, चित्रांचे हाल होतात. भर पावसाळ्यात दिवसा कोरडी हवा, रात्री ओल. चित्रांखालचं लाकूड रोज आकसतं, रोज फुगतं. वरचा रंग तेवढा ताण सोसत नाही आणि पापुद्रे सुटतात. अशा चढउतारापेक्षा एसी नसलेला पण हवा एकसारखी राहील असा दालनाचा कोपरा परवडला. आणि पेंढा भरलेल्या त्या वाघाच्या पाठीवरून शाळेची पोरं हात फिरवत होती. जुन्या काळी अशा कातड्यांना कीड लागू नये म्हणून सर्रास आर्सेनिक चोळत. तुझा वाघ तपासून घेतला आहेस? नाही ना? मग आजच दोरी बांध.

यातलं काहीही कुणी वाईट हेतूने केलेलं नाही, हे मला मान्य आहे. पण करणाऱ्याचा हात धरून 'थांब' म्हणणारं तुझ्या इमारतीत कुणी नाही, हे तुला मान्य करावं लागेल. तुझी रिकामी जागा ती आहे.

नुसतं पद भरूनही भागत नाही, हे कैरोने दाखवलं. २०१४ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या संग्रहालयात तूतनखामेनच्या सुवर्णमुखवट्याची दाढी निखळली. संवर्धन विभाग होता, माणसं होती. तरी घाई जिंकली. इपॉक्सी चोपडून दाढी चिकटवली, बाहेर आलेला गोंद खरवडताना मुखवट्यावर चरे उठले. पुढे क्रिस्टियान एकमान या जर्मन संवर्धकाच्या देखरेखीखाली तो इपॉक्सी जपून काढला गेला आणि २०१५ च्या अखेरीस मधमाश्यांच्या मेणाने दाढी पुन्हा बसवली. मेणच का, हे तुला परीक्षेत विचारलं होतं : उद्या काढावं लागलं तर वस्तूला धक्का न लावता काढता येतं.

तुमच्या अध्यक्षांचा तोडगाही कानावर आला आहे : परदेशातून एखादा बडा तज्ज्ञ पंधरा दिवस बोलवायचा, सगळं करून घ्यायचं, नेमणुकीची कटकट नको. अजिंठ्याला हे शंभर वर्षांपूर्वी होऊन गेलं. निजाम सरकारने १९२० ते १९२२ या काळात लोरेन्झो चेकोनी आणि ओर्सिनी या इटालियन जाणकारांना आणलं. भिंतीपासून सुटलेला गिलावा त्यांनी बसवला, हे त्यांचे उपकार. पण चित्रांवर त्यांनी लाखेचं वार्निशही दिलं. त्या काळच्या समजुतीनुसार ते योग्यच होतं. काळ गेला तसं वार्निश पिवळं पडलं, रंग झाकोळले आणि ते उतरवण्याचं किचकट काम पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांच्या गळ्यात पडलं. उपचाराचं खरं फळ वर्षांनी दिसतं. तेव्हा पाहुणा तज्ज्ञ तिथे नसतो. आणि तुझा ११ महिन्यांचा करारवालाही नसेल. त्याला तर तुझ्या कोठाराचा एक पुरता पावसाळाही नीट समजायचा नाही.

म्हणून कायम जागा काढ. पगार अधीक्षकाच्या बरोबरीचा ठेव आणि संवर्धकाने अधीक्षकाला नव्हे, थेट संचालकाला उत्तर द्यावं असं लिही. शस्त्रक्रिया करायची की नाही, हे रुग्णालयाचा व्यवस्थापक ठरवत नाही. वस्तू उसनी देणं, हलवणं, उजळणं, दिव्याखाली ठेवणं, या सगळ्यावर वरिष्ठ संवर्धकाला लेखी नकाराचा अधिकार हवा. तो डावलायचा असेल तर विश्वस्तांनी कारण लिहून खाली सह्या कराव्यात. सही करायची म्हटली की निम्मा उत्साह जागच्या जागी मावळतो.

कामाची यादीही नव्याने कर. पहिलं वर्ष एकाही वस्तूला 'सुंदर' करायचं नाही. संग्रहातल्या वस्तूंची स्थिती नोंदवायची, छायाचित्रं काढायची, कशाला आज हात लावणं भाग आहे आणि काय दहा वर्षं थांबेल हे ठरवायचं. कोठार, कीड, ओल, उजेड यांवर रोजचं लक्ष. पैठणीवर ५० लक्सहून जास्त उजेड नको, हा तुझ्या वहीतला दंडक. तुझ्या दालनात तिच्यावर दिवसभर झगझगीत दिवा असतो. उडालेला रंग दिवा मालवल्याने परत येत नाही. आग लागली, पाणी शिरलं तर आधी काय बाहेर काढायचं याची यादी. हाताखालच्यांना शिकवणं. त्या शिपायालाही, कारण मूर्तीला रोज त्याचाच हात लागतो.

माणसं मिळत नाहीत, हेही सांगू नकोस. लखनौची राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळा १९७६ पासून आहे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं संवर्धन केंद्र आहे. भायखळ्याचं १८७२ सालचं भाऊ दाजी लाड संग्रहालय तर महापालिकेचं. वारसा जपणाऱ्या इंटॅक या संस्थेच्या जाणकारांना हाताशी धरून त्याचा जीर्णोद्धार झाला आणि २००५ मध्ये त्या कामाला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. तुझी जाहिरात मात्र यांपैकी कुणाच्याही फलकावर लागलेली नाही. ती स्थानिक दैनिकात, गाळे भाड्याने देण्याच्या जाहिरातींशेजारी आली.

मुलाखत घ्यायला एक तरी संवर्धक बसव. उमेदवारासमोर तुझ्या संग्रहातलं, रंगाचे पापुद्रे सुटणारं एखादं काचचित्र ठेव आणि काय कराल म्हणून विचार. जो लगेच रसायनांची नावं घेईल त्याला चहा पाजून निरोप दे. हे कुठे ठेवलं होतं, याआधी कुणी काय केलं, त्याची नोंद दाखवा, असं जी विचारेल तिला बसवून घे. आणि 'काचचित्रं हा माझा विषय नाही, त्यासाठी अमक्यांना बोलवावं लागेल,' असं ती सरळ म्हणाली, तर तिचं नाव यादीत सर्वांत वर लिही.

ती येईल आणि पहिल्याच महिन्यात अध्यक्षांच्या लाडक्या प्रदर्शनाला हरकत घेईल. तेव्हा अध्यक्ष तुझ्याकडे बघतील. त्या वेळी तू कुणाच्या बाजूला उभा राहणार, हे आधी ठरव. तेवढी हिंमत नसेल तर हे पद काढूच नकोस. एका चांगल्या माणसाची उमेदीची वर्षं वाया घालवण्याचा तुला अधिकार नाही. हिंमत असेल तर ही जाहिरात मागे घे आणि येत्या रविवारी नवा मसुदा घेऊन घरी ये. जेवायलाच थांब. मसुदा मात्र आधी तपासेन.

तुझी,
बाई